दोन रकान्यांत न मावणारे हृदय

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका प्रशिक्षण वर्गात फळ्याशेजारी एक तक्ता टांगलेला होता. मेंदूचे चित्र आणि त्याच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे लिहिले होते : भाषा, गणित, तर्क. उजवीकडे : चित्रकला, संगीत, कल्पना. असा तक्ता आपण सर्वांनीच कुठे ना कुठे पाहिला असेल. या तक्त्याच्या तळाशी मात्र आणखी एक ओळ होती. डाव्या रकान्यात 'हृदय शांत ठेवतो' आणि उजव्या रकान्यात 'हृदयाची गती वाढवतो'. वक्त्यांनी ती वाचून दाखवली आणि आम्ही साठ-सत्तर शिक्षकांनी ती मुकाट्याने वहीत उतरवून घेतली. मीही घेतली.

ती ओळ पुन्हा भेटली ती एका इस्पितळाच्या व्हरांड्यात. आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला होता. उजवा हात-पाय लुळा पडला होता, म्हणजे इजा मेंदूच्या डाव्या अर्धात होती. दुसऱ्याच दिवशी त्यांचे एक सुशिक्षित नातेवाईक म्हणू लागले, "हृदयाला धोका असतो तो उजव्या मेंदूच्या झटक्यात. काकांचा उजवा मेंदू शाबूत आहे. मग छातीला या तारा लावून कशाला ठेवलंय? घरी नेऊ या." त्यांनीही असेच काहीतरी कुठेतरी ऐकले होते. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "बाई, झटक्याची बाजू पाहून आम्ही मॉनिटर लावत नाही. सगळ्यांनाच लावतो." वडील राहिले, बरेही झाले. पण माझ्या वहीतली ती ओळ मला त्या दिवसापासून टोचू लागली. ती चूक होती की बरोबर? आणि बरोबर असेल तर किती?

या लेखात त्या एका ओळीची तपासणी करायची आहे. ती थापेबाजी नाही, हे आधीच सांगून टाकतो. तिच्यामागे खरे संशोधन आहे आणि काही चांगली माणसेही आहेत. म्हणूनच ती तपासण्यासारखी आहे. निव्वळ थाप ओळखणे सोपे असते. अर्धे खरे वाक्य ओळखणे अवघड, आणि वर्गात पोचते ते बहुधा तसलेच वाक्य.

तक्ता आला कोठून?

मेंदूची दोन अर्धे सारखी काम करत नाहीत, हे १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी दाखवले. त्यांच्या एका रुग्णाला इतरांचे बोलणे कळत असे, पण स्वतःला एकच अवयव उच्चारता येई. मृत्यूनंतर पाहिले तेव्हा त्याच्या मेंदूच्या डाव्या अर्धात, कपाळामागच्या भागात इजा आढळली. पुढे शंभर वर्षांनी अमेरिकेत रॉजर स्पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचा अभ्यास केला, की ज्यांच्या मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा जाड तंतुपट्टा, म्हणजे कॉर्पस कॅलोसम, अपस्मारावर उपाय म्हणून कापलेला होता. त्या कामासाठी स्पेरी यांना १९८१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

हे सारे पक्के आहे. पण यातून 'हा मुलगा डाव्या मेंदूचा, ती मुलगी उजव्या मेंदूची' असे निघत नाही. २०१३ साली अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या गटाने ७ ते २९ वर्षे वयाच्या १,०११ जणांच्या मेंदूंच्या प्रतिमा तपासल्या. काही कामे एका बाजूला अधिक चालतात, हे त्यांनाही दिसले. मात्र एखाद्या माणसाचा अख्खा डावा किंवा अख्खा उजवा मेंदू वरचढ असतो, असे काही आढळले नाही.

आता प्रश्न असा, की हृदयाची ओळ या तक्त्यात कशी शिरली? त्यासाठी आपण मेंदूपासून खाली न उतरता हृदयापासून वर चढू या. उलट दिशेने गेले म्हणजे जमीन कोठे पक्की आहे आणि कोठे भुसभुशीत, ते नीट कळते.

पहिली पायरी : हृदयाजवळच्या चेता

हृदयाला ठोका देण्यासाठी मेंदूची गरज नसते. उजव्या अलिंदाच्या भिंतीत पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्याला एसए नोड म्हणतात, आणि तोच हृदयाचा नैसर्गिक पेसमेकर. एकटा सोडला तर तो मिनिटाला सुमारे १०० ठोके देतो. आपली विश्रांतीतली नाडी ७०-७५ च्या आसपास असते, कारण व्हेगस नावाची चेता त्याला सतत आवरून धरत असते. हृदयरोपण केलेल्या माणसात या चेता तुटलेल्या असतात. म्हणूनच त्याची विश्रांतीतली नाडीही आपल्यापेक्षा जलद असते.

व्हेगस ही परानुकंपी संस्थेची मुख्य चेता. लॅटिनमध्ये व्हेगस म्हणजे भटकी. मेंदूच्या तळातल्या लंबमज्जेतून निघून ती मानेतून, छातीतून पोटापर्यंत भटकत जाते, म्हणून हे नाव. तिला विजेने चेतवले की हृदय मंदावते, हे वेबर बंधूंनी १८४५ साली दाखवले. ठोके वाढवणारे तंतू अनुकंपी संस्थेचे. ते मज्जारज्जूतून निघून मान आणि छाती यांच्यातल्या चेतागाठींतून हृदयाकडे जातात.

या दोन्ही चेता जोडीने असतात : एक डावी, एक उजवी. इथे मात्र बाजूचा फरक खरोखर आहे. १९१२ साली आल्फ्रेड कोन यांनी कुत्र्याच्या दोन व्हेगस चेता वेगवेगळ्या चेतवून पाहिल्या. उजवी चेतवली की प्रामुख्याने ठोक्यांची गती कमी होई. डावी चेतवली की अलिंदांकडून निलयांकडे जाणारा संदेश अधिक रेंगाळे. कारण शरीररचनेत आहे. एसए नोड गर्भात उजव्या बाजूच्या भागातून घडतो आणि त्याच्याकडे उजव्या व्हेगसचे तंतू अधिक जातात. संदेश पुढे पाठवणाऱ्या एव्ही नोडकडे डाव्या व्हेगसचे तंतू अधिक जातात. 'अधिक' हा शब्द लक्षात ठेवा. वाटणी पूर्ण नाही, दोन्हींचे तंतू दोन्हीकडे जातात.

अनुकंपी बाजूलाही असेच. मानेच्या तळाशी, पहिल्या बरगडीजवळ, दोन्ही बाजूंना चांदणीच्या आकाराची एकेक चेतागाठ असते. तिला स्टेलेट गँग्लियन म्हणतात. उजव्या गाठीचा प्रभाव ठोक्यांच्या गतीवर जास्त, तर डाव्या गाठीचा निलयांच्या आकुंचनाच्या जोरावर जास्त.

ही माहिती पुस्तकी नाही, तिच्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. काही मुलांमध्ये जन्मतःच असा दोष असतो, की प्रत्येक ठोक्यानंतर निलयांना पूर्वस्थितीत यायला जास्त वेळ लागतो. इसीजीमध्ये क्यू आणि टी या खुणांमधले अंतर लांबलेले दिसते. धावताना, दचकल्यावर, रागावल्यावर अशा मुलाचे निलय बेबंद थरथरू लागतात. मूल चक्कर येऊन पडते, आणि कधी ते उठतही नाही. १९७१ साली आर्थर मॉस आणि मॅकडोनल्ड यांनी अशा एका रुग्णाची डावी स्टेलेट गाठ काढून टाकली आणि गुण आला. औषधांनी भागत नाही अशा रुग्णांमध्ये डावीकडचे अनुकंपी तंतू कापण्याची शस्त्रक्रिया आजही केली जाते. ती डावीकडेच करतात. इथे बाजू चुकून चालत नाही.

दुसरे उदाहरण. अपस्मारावर उपाय म्हणून व्हेगसला ठरावीक वेळाने विजेचा सौम्य झटका देणारे यंत्र छातीच्या कातडीखाली बसवतात. अमेरिकेत त्याला १९९७ साली मान्यता मिळाली. त्याची तार डाव्या व्हेगसला गुंडाळतात. उजवीला गुंडाळली तर एसए नोड मंदावून नाडी फार उतरेल, अशी धास्ती त्यामागे होती.

म्हणजे हृदयाजवळ डावे-उजवे खरे आहे. पण पाहा, हे डावे-उजवे चेतांचे आहे, मेंदूच्या अर्धांचे नव्हे. आणि तक्त्यातल्या ओळीशी ते जुळतही नाही. हृदय मंदावण्याचे काम इथे उजवी व्हेगस अधिक करते. तक्त्यात शांत ठेवणारी बाजू डावी आहे.

या पायरीवरून उतरण्यापूर्वी एक गोष्ट सांगायला हवी. लांब क्यू-टीच्या दोषाचे जे स्पष्टीकरण त्या काळी दिले जाई ते असे : उजवीकडचा अनुकंपी पुरवठा जन्मतः दुबळा, म्हणून डावा शिरजोर झाला, तोल बिघडला. स्पष्टीकरण डौलदार होते, उपायाशी जुळणारेही होते. पण १९९५ पासून या दोषाची जनुके एकेक करून हाती येऊ लागली, आणि मूळ कारण हृदयाच्या पेशींच्याच आयन-मार्गांमध्ये निघाले. तोल बिघडल्याची कल्पना गळून पडली. शस्त्रक्रिया मात्र टिकली, कारण डावे तंतू कापले की निलयांवर आदळणारा उत्तेजक संदेश कमी होतो, मूळ दोष कोणताही असो. उपाय बरोबर आणि कारण चूक, असे विज्ञानात घडते. डावे-उजवे तोलाची चित्रे मनाला चटकन पटतात, म्हणून तिथे जास्त जपून राहावे.

दुसरी पायरी : मेंदूचे अर्ध

आता मेंदूच्या बाह्यकापर्यंत चढू. कपाळाच्या आणि कानशिलाच्या खंडांमधल्या खोल घडीत लपलेला एक भाग आहे, इन्सुला. लॅटिनमध्ये इन्सुला म्हणजे बेट. शरीराच्या आतल्या स्थितीच्या बातम्या इथे येतात. हृदयावर परिणाम करणारे संदेशही इथून निघून अधश्चेतक आणि लंबमज्जा यांच्यामार्फत खाली जातात.

तक्त्यातली ओळ ज्या संशोधनावर उभी आहे त्यातले दोन प्रयोग महत्त्वाचे.

पहिला वाडा चाचणीवर आधारलेला. अपस्माराच्या शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाची भाषा कोणत्या अर्धात आहे ते पाहण्यासाठी जुन वाडा यांनी १९४९ साली एक युक्ती काढली. मानेतल्या एका बाजूच्या धमनीतून अमोबार्बिटल हे औषध सोडायचे. मेंदूचे त्या बाजूचे अर्ध काही मिनिटे झोपी जाते, दुसरे जागे राहते. १९९० साली एडवर्ड झमरिनी आणि सहकाऱ्यांनी या चाचणीच्या वेळी रुग्णांची नाडीही मोजली. डावे अर्ध झोपवले की नाडी वाढली, उजवे झोपवले की उतरली. यावरून तर्क असा : डावे अर्ध हृदयाला आवरते, ते झोपले म्हणून लगाम सुटला.

दुसरा प्रयोग १९९२ सालचा, कॅनडातला. स्टीफन ऑपनहायमर आणि सहकाऱ्यांनी अपस्माराच्या शस्त्रक्रियेच्या वेळी पाच रुग्णांच्या इन्सुलाला विजेने हलकेच चेतवले. डावी इन्सुला चेतवली असता नाडी आणि रक्तदाब उतरण्याचे प्रसंग चढण्याच्या प्रसंगांपेक्षा अधिक आले. उजवीकडे याच्या उलट.

दोन वेगळ्या रीतींनी केलेले प्रयोग एकाच दिशेला बोट दाखवतात, ही मोठीच गोष्ट आहे. हे संशोधक सावधही होते. त्यांनी 'अधिक वेळा' असे लिहिले. पाच रुग्ण, आणि तेही अपस्माराचे, हे त्यांनी लपवले नाही. मग पाठ्यलेखक आले, व्याख्याते आले, तक्ते करणारे आले. त्या प्रवासात 'अधिक वेळा' चे 'नेहमी' झाले, 'पाच रुग्णांमध्ये' चे 'माणसात' झाले, आणि 'इन्सुला' चे 'अख्खा उजवा मेंदू' झाले. माझी तक्रार प्रयोगांविषयी नाही, या तीन बदलांविषयी आहे.

वाडा चाचणीच्या पुराव्यावर एक शंका आपल्यासारख्या शिक्षकालाही घेता येईल. बहुतेकांची भाषा डाव्या अर्धात असते. डावे अर्ध झोपवले की माणसाची वाचा काही काळ जाते आणि उजवा हात पडतो. बोलायला जावे आणि शब्दच फुटू नये, या अवस्थेत कोणाचे हृदय धडधडणार नाही? मग नाडी वाढली ती डाव्या अर्धाचा लगाम सुटल्यामुळे, की जाग्या उजव्या अर्धाला वाटलेल्या भीतीमुळे? नुसत्या नाडीवरून हे वेगळे करता येत नाही. शंका घेतली म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही. पण त्या निरीक्षणातून एकच अर्थ निघतो, असेही मग म्हणता येत नाही.

पुढे काय झाले?

चांगल्या कल्पनेची परीक्षा दुसऱ्यांच्या हातून होते. पक्षाघाताच्या रुग्णांत ती झाली. १९९९ साली तुर्कस्तानातील लाले तोकगोझोग्लू आणि सहकाऱ्यांनी नोंदवले, की झटका उजव्या इन्सुलापर्यंत पोचला असेल तर हृदयाचे स्वायत्त नियंत्रण अधिक बिघडते आणि आकस्मिक मृत्यूचा धोका वाढलेला दिसतो. आमच्या बाईंच्या नातेवाइकांपर्यंत बहुधा हीच बातमी फिरत फिरत आली असावी. पण ती अर्धी बातमी होती. २००६ साली अमेरिकेतून दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डाव्या इन्सुलाच्या झटक्यानंतर हृदयाच्या तक्रारी अधिक आढळल्या. गंमत म्हणजे या अभ्यासाच्या लेखकांमध्ये १९९२ चे ऑपनहायमर स्वतः होते. दोन्ही बाजूंना धोका दिसतो म्हटल्यावर बाजू पाहून रुग्णाला घरी पाठवणे किती घातक, हे वेगळे सांगायला नको.

अपस्माराचे झटकेही हेच सांगतात. कानशिलाच्या खंडातून सुरू होणाऱ्या झटक्यांत बहुतेकांची नाडी वाढते. उजवीकडच्या झटक्यांत ही वाढ काहीशी अधिक वेळा आढळल्याच्या नोंदी आहेत. तरी डावीकडच्या झटक्यांतही ती नेहमीचीच बाब आहे.

मग २०१९ साली फ्रान्समधील फ्लोरियन शुशू आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. पाचाऐवजी ४७ रुग्ण, आणि इन्सुलाला एकूण १०० वेळा चेतवलेले. २६ वेळा नाडी उतरली, २१ वेळा वाढली, उरलेल्या वेळी काहीच झाले नाही. उजवी असो वा डावी, दोन्हीकडे नाडी उतरण्याचे आणि चढण्याचे प्रसंग सारख्याच प्रमाणात आले. फरक दिसला तो मुख्यतः पुढच्या-मागच्या जागेचा. इन्सुलाच्या मागच्या भागात नाडी वाढवणाऱ्या जागा जास्त, त्याच्या पुढे मधल्या भागात नाडी उतरवणाऱ्या जागा जास्त. डाव्या-उजव्या इन्सुलांमध्ये या जागांच्या मांडणीत थोडाफार फरक त्यांनाही दिसला. म्हणजे असममिती अगदीच नाही असे नव्हे. पण तक्त्यातली मधली उभी रेघ जिथे आखली आहे, तिथे ती सापडली नाही.

हेही रुग्ण अपस्माराचेच होते आणि हाही अभ्यास शेवटचा शब्द नव्हे. पण पाच रुग्णांच्या अभ्यासाने तक्त्यात जागा मिळवायची आणि ४७ रुग्णांच्या अभ्यासाने ती बदलू नये, हे न्यायाचे नाही.

सगळे एकत्र ठेवले तर चित्र असे दिसते : हृदयाजवळ बाजूचा फरक ठळक आहे. लंबमज्जा, अधश्चेतक, इन्सुला असे वर चढावे तसतसा तो पुसट होत जातो. तक्त्याने नेमके उलटे केले. जिथे फरक पुसट तिथे जाड रेघ ओढली, आणि जिथे फरक खरा आहे त्या चेतांचा उल्लेखही केला नाही.

रक्ताभिसरणाला दोन रकाने नाहीत

तक्त्याच्या मांडणीतच आणखी एक अडचण आहे. अनुकंपी म्हणजे चढवणारी, परानुकंपी म्हणजे उतरवणारी, अशी जोडी हृदयाच्या गतीपुरती ठीक आहे. रक्तवाहिन्यांकडे आले की ती मोडते. शरीरातल्या बहुतेक रक्तवाहिन्यांना परानुकंपी तंतू जातच नाहीत. अनुकंपी संदेश वाढला की त्या आकसतात, कमी झाला की सैल होतात. एकाच नळाची तोटी कमी-जास्त करावी तसे. मग 'डावा मेंदू परानुकंपी मार्गाने रक्तवाहिन्या रुंदावतो' असे कोणी सांगितले, तर त्याला विचारावे, कोणत्या तारेने?

अलीकडे हाताच्या घड्याळातही 'अनुकंपी-परानुकंपी तोल' म्हणून एक आकडा दिसतो. लागोपाठच्या ठोक्यांमधल्या अंतराच्या चढ-उतारावरून तो काढतात. त्या चढ-उताराचा जलद भाग व्हेगसशी बराच जोडलेला आहे, हे खरे. मंद भाग मात्र निव्वळ अनुकंपी संस्थेचा नसतो. त्यात व्हेगसचा आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेचाही हात असतो. तेव्हा या दोन भागांचा भागाकार म्हणजे तोलाचा काटा मानण्याला शरीरशास्त्रज्ञांनीच हरकत घेतली आहे. मेंदूची बाजू ठरवणाऱ्या अनेक अभ्यासांत मोजमाप याच आकड्यांनी केलेले असते. पट्टीच वाकडी असेल तर रेघ सरळ येईल कशी?

वर्गात करून पाहा

ही तपासणी विद्यार्थ्यांनाही करता येते. लागेल फक्त सेकंदकाटा असलेले घड्याळ. नाडी मनगटावरच पाहू द्या, मान दाबू देऊ नका.

पहिला प्रयोग. मुलांना पाच मिनिटे शांत बसवा आणि प्रत्येकाची मिनिटाची नाडी लिहून घ्या. मग १०० मधून ७ वजा करत जायला सांगा : ९३, ८६, ७९... तोंडी, भरभर. एका मुलाने गणित करायचे, दुसऱ्याने त्याची नाडी मोजायची. बहुतेकांची नाडी वाढलेली आढळेल. प्रयोगशाळेत मनावर ताण आणण्यासाठी संशोधकही हीच रीत वापरतात. आता तक्ता समोर धरा. गणित डाव्या रकान्यात आहे. 'हृदय शांत ठेवतो' हेही डाव्याच रकान्यात आहे. मग गणित करताना नाडी उतरायला हवी होती! मुलांना विचारा, चूक कोणाची, नाडीची की तक्त्याची? एखादी चुणचुणीत मुलगी म्हणेल, "सर, सगळ्यांसमोर चुकायची भीती वाटते म्हणून वाढली असेल." तिला शाबासकी द्या. वाडा चाचणीवरची आपली शंका याच जातीची होती. आणि तिला पुढचा प्रश्न विचारा : भीतीचा भाग वेगळा काढायचा तर प्रयोग कसा बदलशील?

दुसरा प्रयोग. नाडीवर बोट ठेवून सावकाश पाच सेकंद श्वास आत, पाच सेकंद बाहेर. आत घेताना ठोके जवळजवळ येतात, सोडताना लांब होतात. मुलांमध्ये हे मोठ्यांपेक्षा स्पष्ट जाणवते. व्हेगसचा लगाम श्वासागणिक सैल आणि घट्ट होतो, तो असा बोटाला कळतो. आता दोन्ही मनगटांवरची नाडी एकाच वेळी दोघांना मोजू द्या. आकडा एकच येईल. 'डाव्या हाताची नाडी उजव्या मेंदूकडून येते का?' हा प्रश्न कोणीतरी विचारतेच. हात हलवणारे मार्ग मेंदूतून येताना बाजू बदलतात, म्हणून तो सुचतो. उत्तर असे, की नाडी हातात तयार होत नाही. हृदय एक, म्हणून ठोका एक.

मला या एका ठोक्यातच सगळ्या वादाचे सार दिसते. दोन व्हेगस, दोन स्टेलेट गाठी, दोन इन्सुला यांच्याकडून किती निरनिराळे संदेश येत असतील. पण त्या सर्वांची बेरीज होऊन शेवटी एसए नोडमधून एकच ठोका निघतो. आपण बाहेरून मोजतो ती ही बेरीज. बेरजेवरून एकेक आकडा ओळखण्यासाठी फार कसोशीचे प्रयोग लागतात, आणि ते चालू आहेत.

एक शंका माझ्या मनात येऊन गेली. शाळेच्या तक्त्यात एवढी बारीक मांडणी कशी करणार? मुलांना सोपे करूनच सांगावे लागते. ते खरे आहे. पण सोपे करणे वेगळे आणि ठाम करणे वेगळे. 'हृदयाच्या डाव्या आणि उजव्या चेता अगदी सारखे काम करत नाहीत. मेंदूची दोन अर्धेही हृदयाच्या बाबतीत पूर्ण सारखी नसावीत, पण कोणते काय करते यावर अजून एकमत नाही.' ही वाक्ये आठवीच्या मुलाला कळतात. त्यांतले प्रत्येक खरे आहे. आणि शेवटच्या तुकड्यात त्या मुलासाठी उद्या करण्याजोगे काम शिल्लक आहे. तक्त्याच्या ओळीत ते नाही. तिने प्रश्न संपवून टाकला आहे.

माझ्या जुन्या वहीतली ती ओळ मी खोडली नाही. तिच्यापुढे समासात तीन प्रश्न लिहिले आहेत : किती जणांवर पाहिले? ते कोण होते? दुसऱ्या कोणाला तसेच दिसले का? प्रशिक्षण वर्गात त्या दिवशी आमच्यापैकी एकाने जरी हात वर करून हे विचारले असते, तर वक्त्यांनाही ते आवडले असते. पुढच्या खेपेला तक्ता टांगलेला दिसला, की हात वर करू या.